फिरलेली काच

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. आता माझी पोरगी तिसरीत आहे, आणि तुमच्या डोळ्यांना काय होत होतं ते मला मागच्या महिन्यात कळलं. इतक्या उशिरा कळून काय उपयोग, असं तुम्ही म्हणाला असतात. उपयोग नाहीच. पण कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही आणि घरात कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुम्ही निदान मध्येच तोडणार तरी नाही.

खंडेनवमी आठवते का? कारखान्यात माग बंद, शेड धुऊन काढलेली, प्रत्येक मागाला झेंडूची माळ. पाटावर धोटे, कात्र्या, नट आवळायचे पाने मांडलेले. प्रत्येक कामगार आपापलं हत्यार आणून ठेवायचा, आणि तुम्ही त्यात चष्मा ठेवायचात. लोक हसायचे. तुम्ही म्हणायचात, "हसताय काय? कात्री दुसरी मिळंल. ह्यो नसला तर मागावर हुबा राहून मी काय करू? ह्यो बी हत्यारच हाय की." मग चष्म्याला हळदकुंकू, वर फूल, वर पाण्याचा शिंतोडा. घरी आलात की स्वयंपाकघरात, आईच्या स्टोव्हजवळ बसून तुम्ही तो साफ करायला घ्यायचात. फ्रेम गोल, तिचा स्क्रू ढिला, आणि हळद काचेच्या कडेनं खाचेत गेलेली. अंगठ्यानं दाबलं की काच बाहेर यायची. ती सदऱ्याच्या टोकाला पुसायची आणि परत दाबून बसवायची. गोल काच गोल खाचेत कशीही बसते. मी शेजारी बसून बघायचो आणि मला ती मोठी कारागिरी वाटायची.

दुसऱ्या दिवशी दसरा. आणि दसऱ्यापासून तुमचं डोकं धरायचं. दरवर्षी. तुम्ही मान डावीकडे वाकडी करून बघायला लागायचात, डोळे बारीक करायचात, जेवताना ताटातली मिरची चाचपून घ्यायचात. आई मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. "नवमी झाली की डोळ्यावर कायतरी बसतंय," असं तुम्ही एकदा तिला हळू आवाजात म्हणालात आणि मी ते ऐकलं. तुम्हाला खरंच वाटायचं की पूजेत काहीतरी चुकतंय, म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही चष्म्याची पूजा अजूनच मनापासून करायचात. विचार करा अप्पा. अजूनच मनापासून.

दिवाळी उरकली की तुम्ही चष्म्याच्या दुकानात जायचात. मला एकदा नेलं होतं. दुकानदारानं चष्मा एका यंत्राखाली धरला, काच काढली, थोडी फिरवून बसवली, स्क्रू आवळला आणि चष्मा परत दिला. बोलला काहीच नाही. तुम्ही बाहेर येऊन रस्त्यावर बघितलंत आणि तुमचा चेहरा उजळला. "उतरलं बघ," म्हणालात. माझ्या हातावर शेंगदाण्याची पुडी ठेवलीत आणि आपण चालत घरी आलो.

शेवटच्या वर्षी दिवाळीआधी कामाची गर्दी होती. मुकादम आपल्या दारात येऊन तुम्हाला बोलला होता, ते मी विसरलेलो नाही. "उभा धागा तुटला तर तुमाला लांबून दिसतोय, आन् कापडात आडवी पट्टी पडली तर दिसत न्हाय व्हय? असं कसं ओ? निम्मं दिसतंय आन् निम्मं न्हाय?" तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. तो गेल्यावर मी म्हणालो, अप्पा, दुकानात जाऊन या ना. तर माझ्यावरच खेकसलात, "डोळं माझं हायती. तू आपलं पुस्तक बघ." दिवाळी झाल्यावर जाऊ, असं तुमचं ठरलं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही आईला सांगितलंत की समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला फाटे फुटतात, गाडी रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे तेच कळत नाही. आई म्हणाली, मग सायकल नेऊ नका. नेलीत. संध्याकाळी पाळी सुटल्यावर अक्कलकोट रोडच्या वळणावर समोरून ट्रक आला आणि तुम्ही सरळ त्याच्या अंगावर गेलात. ड्रायव्हर रडून सांगत होता की मी माझ्या बाजूनंच होतो. आम्ही त्याला शिव्या घातल्या. तो खरं बोलत होता, हे मला आता कळतंय.

आता माझं सांगतो. मी शाळेची व्हॅन चालवतो. विजापूर रोडच्या बाजूची पोरं सकाळी शाळेत सोडायची, दुपारी घरी पोचवायची. चष्मा मला कॉलेजपासून आहे, तुमच्यासारखाच सिलिंड्रिकल नंबर. तेव्हा त्याचा अर्थ मी विचारला नाही, कोण विचारतं? मागच्या महिन्यात मात्र पाट्या दुहेरी दिसायला लागल्या, म्हणून तपासायला गेलो. तिथं तपासणाऱ्या ताईंनी भिंतीवर घड्याळासारखं एक चित्र दाखवलं, मधून सगळीकडे रेषा गेलेल्या. विचारलं, कुठल्या रेषा जास्त काळ्या दिसतात? म्हटलं, उभ्या. आडव्या पुसट, जवळजवळ नाहीतच. मुकादमाचा आवाज कानात आला.

त्यांनी नीट समजावलं. बुबुळाचा पुढचा पडदा सगळीकडून सारखा गोल हवा. आमच्यासारख्यांचा एका अंगानं जास्त वाकलेला असतो, चेंडू दोन बाजूंनी दाबल्यासारखा. त्यामुळे एका दिशेचा उजेड नीट एका जागी येतो, दुसऱ्या दिशेचा भलतीकडे. म्हणून एका बाजूच्या रेषा दिसतात, दुसऱ्या पसरतात, दिव्यांना फाटे फुटतात, डोकं दुखतं, माणूस मान वाकडी करून बघतो. त्यावरची काचही तशीच एका अंगानं वाकवलेली असते, आणि ती त्या डोळ्याच्या वाकाशी जुळवूनच बसवावी लागते. हे सांगताना त्यांनी माझ्या डोळ्यांवर चढवलेल्या तपासणीच्या गोल फ्रेममधली काच बोटानं थोडी फिरवली. अप्पा, समोरची अक्षरं मोडली. तीच काच, तोच नंबर. "बघा, एवढीशी फिरली तरी काय होतं," त्या म्हणाल्या. मी त्या खुर्चीत बसून रडलो. त्यांना वाटलं मी घाबरलो.

भूतबाधा नव्हती, देवीचा कोप नव्हता, नवमीचा काही दोष नव्हता. तुम्ही भक्तीनं काच काढत होता आणि भक्तीनं चुकीची बसवत होता. एवढंच. आणि त्या दुकानदारानं एका शब्दानं सांगितलं असतं की काका, ही काच अशी काढायची नसते, तर तुम्ही माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरला असतात. याचा राग कुणावर काढू?

पण गोष्ट इथं संपत नाही. माझी फ्रेम चौकोनी आहे, काच फिरणार कुठून? ताईंनी जुना नंबर आणि आताचा नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघितला. डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात वाक दुप्पट झालाय आणि दिशाही बदलली आहे. पडदा मधून पातळ होऊन पुढे येत असावा. डोळे फार चोळता का? चोळतो, आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. बुबुळाचा नकाशा काढून घ्या, ते म्हणाले, वेळेत आलात तर वाढ थांबवता येते, गेलेलं मात्र सगळं परत येत नाही. आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. म्हणजे तुमच्या चष्म्याची काच फिरत होती, ती फिरवून परत बसवता येत होती. माझं तर डोळ्यातच फिरतंय.

त्याला महिना झाला. नकाशा काढलेला नाही. त्यात आजाराचं नाव निघालं की लायसनवर येईल, पालकांना कळेल, मालक गाडी दुसऱ्याकडे देईल, आणि मला दुसरं काय येतं? बायको परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी हल्ली मान वाकडी करून का ओ बघता? अप्पांच्या फोटोत हाय की नाही, अगदी तश्शी." मी म्हटलं, बाप तसा बेटा. ती हसली. मी हात धुवायला म्हणून उठलो आणि मोरीत नुसताच उभा राहिलो.

मागच्या आठवड्यात सिग्नलजवळ एक बाई समोरून जात होती आणि मला दोन बाया दिसल्या. त्यांच्यातली खरी कोणती ते ठरेपर्यंत मी ब्रेक दाबून बसलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि व्हॅनमधली पोरं मजा वाटून त्यांच्यासोबत ओरडत होती.

डोळं माझं हायती, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या सायकलवर तुम्ही एकटे होता, अप्पा. हे मला पुरतं कळतं. रोज सकाळी किल्ली हातात घेताना कळतं.

हे सगळं व्हॅनमध्ये बसून लिहितोय, कागद नाकाजवळ धरून. हे कुठं पाठवायचं नाही, फाडून टाकणार आहे, नाहीतर बायकोच्या हाती लागेल. शाळा आत्ता सुटली. फाटकातून निळे गणवेश येतायत, एकमेकांत मिसळलेले, चेहरे नाहीत. कोण कोण आहे ते मी आवाजावरून ओळखतोय. आज सगळ्यांना घरी सोडलं की किल्ली मालकाला देऊन टाकायची, असं ठरवलंय.

काल पण हेच ठरवलं होतं.