ओळखणाऱ्याची सही

लातूर,
८ मार्च २०१२

चि. विरूपाक्ष यास,

बसलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद. सौ. सौदामिनीला आठवण सांग. इकडे ठीक आहे, पाठीची जखम भरत आली. गल्लीत आणखी दोन क्लास निघाले. चाकाची खुर्ची बाहेर काढायची तर आधी पोरांच्या सायकली हलवाव्या लागतात. पोरं "सॉरी अंकल" म्हणतात. अंकल तर अंकल.

तुझी मनस्विनी रविवारी येते. हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवत माझ्या हातचं पिठलं खाते. परवा विचारून बसली, "मोठे अप्पा, बाबा नांदेडहून मला डबा द्यायला येतात, मग तुमच्याकडं का येत न्हाईत?" मी म्हणालो, "कामं लई असतात त्याला." पोरीशी खोटं बोललो.

आता मुद्द्याचं. अपंगांची पेन्शन चालू राहायला महिनाअखेर हयातीचा दाखला द्यायचा आहे. हा माणूस जिवंत आहे, असं ओळखणाऱ्यानं कचेरीत येऊन लिहून द्यायचं. माझं खोलीभाडं, औषध सगळं त्यावरच आहे. पंधरा वर्षं तू मला पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढलास आणि सही केलीस. गेली तीन वर्षं शेजारचे गुरुबसप्पा करतात.

तू यायचा का थांबलास ते दोघांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी नव्या कारकुनानं विचारलं, "कशानं झालं हे?" मागं मोठी रांग. मला चेव आला. म्हणालो, "भूकंपात अर्धं काम भिंतीनं केलं, उरलेलं ह्या भावानं. हात धरून ओढलं, कणा गेला." रांग हसली. तूही हसलास. मला पाठीवर घेऊन खाली उतरलास, रिक्षात नीट बसवलंस, आणि पुन्हा आला नाहीस.

मी सगळ्यांना सांगत आलो की ती थट्टा होती. नव्हती. ओढताना जास्त मोडलं असेल, असं एक डॉक्टर कधीतरी म्हणाला होता, ते मी धरून बसलो. भिंतीवर राग काढून काय उपयोग? तू समोर होतास, माझं हगणंमुतणं काढत होतास, म्हणून तुझ्यावर काढला. भूकंपाच्या वेळी तू एकोणीस वर्षांचा. हातानं दगडमाती उपसून तुझी नखं गेली होती. तुझ्या जागी मी असतो तर मीही ओढलंच असतं. चुकलो, विरूपाक्ष. फार चुकलो.

काल गुरुबसप्पा सहीसाठी आले, तर मी त्यांना परत पाठवलं. ते चिडले. "पेन्शन बंद पडली तर खाशील काय?"

मी म्हणालो, "ढिगाऱ्यात मी जिता हाय हे ज्याला पहिल्यांदा कळलं, त्यानंच लिहून द्यावं."

एकतीस तारखेपर्यंत वाट पाहीन. दुसऱ्या कुणाची सही घेणार नाही.

तू ओढून काढलंस म्हणून उरलेला,
तुझा दादा
बसलिंगप्पा