सगळ्याच फायलींवर पहारा

गुंजवणे, मंगळवार, दिवेलागण

सांगतेय मी, लिहितेय नात सुमी. आज परत तिचा लॅपटॉप रखडला. हापिसानं सुरक्षेसाठी फायलींवर नजर ठेवायला सांगितली, तर हिनं सगळ्याच फायलींवर पहारा बसवला. कुठलीबी उघडली की नोंद. मशीन नोंदीच करत बसलं, मग काम कधी करणार? काम अडलं की पोरगी पुण्याला परत जाणार. बॅग तर भरलीच होती.

मी कावले. तर म्हणती, "आजी, डब्याचं झाकण वाजलं तरी तू 'कोण हाय?' विचारतीस."

आता माझा काय संबंध?

शेवटी तिनं मोजक्याच फायलींवर पहारा ठेवला. लॅपटॉप पळाया लागला, बॅग माळ्यावर गेली. मघाशी झाकण वाजलं. मी गप बसले, लई जड गेलं. परत वाजलं, तवा विचारलंच.

आतनं सुमी म्हणाली, "नोंद झाली आजी. आता लाडू खाऊ?"