ट्रान्सफॉर्मर आणि नवी तार

प्रिय टामसिन,

नाताळात व्हरांड्यात तू व्हायोलिन वाजवलंस आणि मी म्हणालो, तार जुनी झालीय, बदल. तू म्हणालीस, "बाबा, कालच बदललीय. तू कान तपासून घे." मी हसण्यावारी नेलं. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर स्वतः शिकून स्वतः बांधणाऱ्या माणसाला कान तपासायला सांगतेस! बोटीवर चढेपर्यंत तू पुन्हा विषय काढला नाहीस. आता पुढचं ऐक.

तू दिलेला पिकअप, तबकडीवर फिरणाऱ्या सुईचा, रेकॉर्ड प्लेयरला बसवला. त्याचा आवाज भलताच नाजूक, अँप्लिफायरच्या आधी आवाज वाढवणाऱ्या माझ्या प्रीअँपला पुरेना. म्हणून आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर घातले, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, ती कुजबुज दहापट करायला. तर नुसती घरघर. घरातली वीज घेणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या अगदी शेजारी बसवले होते ना! मग त्यांना वेगळी लोखंडी पेटी केली, ती लांब ठेवली आणि स्क्रू सैल ठेवून दोघांना हळूहळू फिरवत गेलो. एका कोनात घरघर गप्प. तिथंच आवळले. ती घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती, हेही लक्षात ठेव.

राहिला रेझिस्टर. या ट्रान्सफॉर्मरना योग्य मापाचा रेझिस्टर जोडला नाही, तर वरचे सूर चिरकतात. आमच्या अँप्लिफायर बांधणाऱ्यांच्या क्लबात ते माप कानानंच ठरवायचं. त्यासाठी मोजायचं यंत्र काढणाऱ्याला आम्ही 'कारकून' म्हणतो. एकेक लावून पाहिला, प्रत्येकानं आवाज दबका. शेवटी काढूनच टाकला, तेव्हा कुठं मोकळं वाटलं.

मोठ्या तोऱ्यात शेजारच्या मर्लला बोलावलं. शिंपल्यांचं सारण भरून भाजलेला स्कॅलप पाय घेऊन, कुत्र्यासकट आली. अर्धी तबकडीही झाली नसेल.

"नेव्हिल, ही बाई गातेय की सुरीला धार लावतेय?"

म्हटलं, "तुला चांगल्या आवाजाची सवय नाही."

"मग माझ्या कुत्र्यालाही नसावी."

तो खरंच सोफ्याखाली तोंड खुपसून बसला होता.

मर्लशी वाद घालता येतो, कुत्र्याशी कसा घालणार? ती गेल्यावर चाचणीचं यंत्र काढलं आणि एकच सूर वर वर चढवत नेला. मध्येच तो थांबला. वाटलं, वायर सुटली. मीटरकडे पाहिलं, तर काटा पडायचा सोडून उलट चढला होता. सूर चालूच होता, टामसिन. नुसता चालू नव्हता, किंचाळत होता. मला ऐकू येत नव्हता, एवढंच.

मग मुकाट्यानं कारकुनासारखं काट्याकडे बघून माप ठरवलं. काल मर्ल पूर्ण तबकडी ऐकून गेली. कुत्रा सोफ्यावर घोरत होता. मला अजून दबकंच वाटतं, पण काम बिनचूक झालंय.

आणि परवा कान तपासून आलो. तपासणारी बाई म्हणाली, वरचे सूर गेलेत, पण कानात घालायच्या यंत्रानं बरेचसे परत मिळतील. मंगळवारी ते मिळेल. तिथं दुकानात ती जुजबी चाचणी घेईल तेवढी घेऊ दे. घरी आणून मी ते डबीत ठेवणार आहे, तबकडी लावणार नाही, मर्लशीही बोलणार नाही. तू शनिवारच्या बोटीनं ये. व्हायोलिन आण. ते कानात घातल्यावर पहिल्यांदा मला तुझी ती तार ऐकायचीय. एव्हाना जुनी झाली असेल तर येण्याआधी बदल. या वेळी मला कळेल.

तुझाच,
बाबा