देवीच्या गादीचा कापूस

तुळजापूर, भाद्रपद वद्य ५, शके १८८३

सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत बत्ती घालून बघितलं. म्हणाले, "बाई, पुढं पुढं आवाजाचा त्रास आपोआप जाईल." म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो! मग मला बाहेर बाकावर बसवून यांच्याशी किती तरी वेळ बोलले. पथ्याचं असेल. परत येताना मोटारीत हे एक शब्द बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मी सुखानं झोपले.

यांचा आवाज म्हणजे आमची शेती. मोटारअड्ड्यावर उभं राहून "अहो उमरग्याचे बिराप्पा, इकडं या" म्हणून हाक मारतात तेव्हा पार उमरग्यातही कुणी तरी वळून बघत असेल. त्या हाकेवर यात्रेकरू आमच्याकडं उतरतात, पूजा करवून घेतात, चूल पेटते. मला सगळं पटतं. डोक्याला पटत नाही.

वद्य ६

सासूबाईंच्या हातून परात पडली. घर गरगर फिरलं. खांबाला मिठी मारून बसले, मग ओकारी. कानातली पिठाची गिरणी सुरू झाली ती दुपारपर्यंत.

उठल्यावर चिंध्या फाडल्या. एक दाराच्या कडीला. एक देवघरातल्या घंटेच्या लोलकाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं वनमाला, आरती चाललीय हे देवाला कळायचं कसं?" म्हटलं, दिसतंय की त्याला. एक चिंधी म्हशीच्या गळ्यातल्या घंटीला. आता म्हैसही माझ्याकडं सासूबाईंसारखीच बघते.

टाक करकरतो म्हणून हे पेन्सिलीनं लिहितेय.

वद्य ७

ओसरीवर बिराप्पाची मंडळी आणि आराधिणी, सगळे एकदमच उतरले. चौंडकं आहे, झांजा आहेत. मी कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागं. पोती चांगली. आवाज खातात.

वद्य ८

आज रात्रीपासून देवी निद्रेला. घटस्थापनेपर्यंत तिला कुणी उठवायचं नाही. गाभाऱ्यातून उचलून पलंगावर निजवतात. नशीबवान. तिच्या गादीचा कापूस पिंजायला गावच्या बायका बसतात, आमच्या घरचा मान आहे, जावंच लागलं. पिंजायचं काम किती मऊ, पण गाणी म्हणतात ना! आणि झांज नेमकी माझ्या डाव्या कानाशी. घेरी येणार असं वाटलं. हातात कापूस होताच. चिमूटभर घेतला, दोन्ही कानांत कोंबला.

शेजारी बिराप्पाची बायको धुरपताबाई बसलेली. तिनं बघितलं. तोंडाचा आ केला. आता सासूबाईंना सांगणार आणि माझा उद्धार होणार.

वद्य ९

भलतंच झालं. सकाळी मी खोलीत अंधार करून, कपाळाला सुंठ लावून, कानात कापूस घालून पडलेले. दार किलकिलं झालं. धुरपताबाई. माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि मागच्यांना म्हणाली, "म्या कालच वळखलं. आईच्या गादीचा कापूस कानात घातलाय बायनं. आईसंगं निजलीया. कुणी आवाज करू नगा."

मी उठून सांगणार होते, नाही हो बाई, डोकं दुखतंय माझं. पण ओसरी गप्प झाली होती. चौंडकं गप्प. म्हटलं, वनमाला, पड गप. देवी समजून घेईल, ती पण बाईमाणूस आहे.

वद्य १०

नारळ नऊ-दहा. खण. एका म्हातारीनं दही-धपाटे ठेवले. यात्रेकरू अनवाणी चवड्यावर चालतात, खोकला आला की गल्लीत पळतात. मला वाटलं होतं तशा सासूबाई रागावल्या नाहीत. दारापाशी बसून आत कुणाला सोडायचं ते ठरवतात. खुशीत आहेत.

वद्य १२

काय शांतता! परात पडली, मी बघितली पडताना, जरासं ठक झालं, बस. घेरी नाही. चिंध्या कामाला आल्या. कावळेसुद्धा ऐकायला लागलेत माझं. गिरणी तेवढी चालू आहे, पण तिचं काय, ती आपली घरची.

आणि हे! हे कुजबुजायला शिकले. रात्री उशाशी बसून ओठ हलवत होते. एवढा दांडगा माणूस माझ्यासाठी आवाज गिळतो, मला भरून आलं. काय म्हणाले ते कळलं नाही. विचारलंही नाही, पुन्हा मोठ्यानं सांगायला लागले असते. नुसती मान हलवली. यांचे डोळे का भरले, देव जाणे.

अमावस्या

आता पंचाईत! उद्या पहाटे देवी उठणार. धुरपताबाईनं ठरवलंय की मलाही तसंच उठवायचं. श्रीमंत नावाचा गोंधळी खोलीत येऊन माझ्या उशाशी संबळ वाजवणार. हे सगळं तिनं हातवारे करून सांगितलं, अजून निद्रा चालू म्हणून बोलत नाही बिचारी.

संबळ, चार भिंतींत! परातीनं जी मी आडवी होते, ती संबळानं मरेन. यांना म्हटलं, तुमच्या पाया पडते, श्रीमंतला थांबवा. हे बोलायला गेले, थांबले, माझा हात धरून बसले. मला भीती वाटतेय. कोठीतही लपता येत नाही, दारात बायका बसल्यात.

आश्विन शुद्ध १

वाचले!

पहाटे सगळे आले. धुरपताबाईनं माझ्या कानांतला कापूस काढून डोक्याला लावला. मी डोळे मिटले, दात आवळले, पलंगाची कड धरली. काही नाही. डोळा उघडून बघितलं तर श्रीमंत घामाघूम, दोन्ही काठ्या संबळावर नाचवतोय, नुसत्या! मला त्रास नको म्हणून वाजवण्याचं सोंग! म्हणजे यांनी सांगितलंच त्याला. सासूबाईंनीही कानांवर हात ठेवून काय नक्कल केली. मला इतकं हसू आलं. बायकांना वाटलं देवी प्रसन्न झाली. पाया पडल्या.

असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

शुद्ध २

सकाळी हे समोर येऊन बसले, बोलायला लागले. म्हटलं, आता निद्रा संपली, बास झालं कुजबुजणं, नीट मोठ्यानं बोला. यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. तोंड लाल झालं. म्हैस दावं तोडायला निघाली. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

म्हणजे काल श्रीमंत खरंच वाजवत होता.

यांना म्हटलं, अजून मोठ्यानं.