तिलिलाच्या फळीची डागडुजी

तामराघ्त
मंगळवार, १४ ऑक्टोबर

युबा,

सलाम. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे तसेच आहेत. आर्गनचं तेल चोळते आणि मला शिव्या घालते. तुम्ही तिघं बरी असाल.

तिलिलाची लाटांवरची फळी दुरुस्त करून उद्याच्या बसने पाठवतोय. भेग अंगठ्याएवढीच होती, मागचा पाय पडतो तिथे. तोंड लावून चोखली तर खारट लागली, म्हणजे पाणी आत गेलेलं. चार दिवस सावलीत उभी ठेवली. मग खराब भाग खरवडला, फायबरचं कापड बसवलं, रेझिन फिरवलं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं. पुढच्या वेळी घरीच कर, अवघड काही नाही. फक्त आत काय आहे ते आधी बघ. थर्माकोल असेल तर होड्यांचं रेझिन लावायचं नाही. ते थर्माकोल खाऊन टाकतं.

हे तुला मी कशाला सांगू? तुझा घोटा आहेच सांगायला.

फळीसोबत पोरीची चिठ्ठी होती. "काका, रविवारी माझी पहिली स्पर्धा! बाबा म्हणतात, तुमच्यासारखा हात अख्ख्या किनाऱ्यावर कुणाचा नाही." वाचून डोकंच फिरलं माझं. नऊ वर्षं झाली, तरी तुझा चांगुलपणा काही संपत नाही रे!

त्या वर्षी संघाच्या निवड चाचणीच्या आधी तू तुझी फळी माझ्या हातात कोंबलीस आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणालास, "दादा, तू आपलं घासकाम बघ. लाटांचं मी बघतो." सगळे खिदळले. बाबासुद्धा हसले. तुला फळीवर उभं राहायला शिकवलं कुणी होतं?

मी होड्यांचं रेझिन ओतलं. आतून चुरचुर आवाज येत राहिला, पोकळ होत गेलं, आणि मी बसून ऐकत होतो. वरून कापड, त्यावर निळा रंग. दुसऱ्याच लाटेला तुझी टाच आरपार गेली. मग मी छाती बडवली, "मला काय माहीत, आत थर्माकोल आहे!" गाव म्हणालं, बिचारा चुकला. तू घोट्याला प्लास्टर असताना मला मिठी मारलीस. "जाऊ दे रे दादा."

चुकलो नव्हतो. योग्य रेझिनचा डबा माझ्या खाटेखाली होता.

माफी मागत नाहीये. तू लगेच देशील, म्हणूनच मागत नाहीये.

तिलिलाची फळीही थर्माकोलचीच आहे. या वेळी योग्य तेच लावलंय, अल्लाची शपथ. तेव्हाही हीच शपथ घेतली होती. वरून ठोकून काही कळणार नाही. तेव्हा तूही ठोकून पाहिली होतीस. उकरून बघशील तर रविवारपर्यंत पुन्हा तयार व्हायची नाही, आणि तिच्या मापाची दुसरी फळी तुमच्या गावात नाही, हे मला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी पोर ती काखेत मारून तुझ्याकडे बघेल. तिला काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेव.

तुझा सख्खा भाऊ,
हम्मू