सिंहाला इन्शुरन्स, गाडीला नाही

प्रिय क्षितिजा,

'प्रिय' लिहावं की नुसतं 'क्षितिजा', यावर बराच विचार केला. आपलं अजून ठरलेलं नाही, आणि त्या दिवशी तुमच्या अंगणात जे झालं त्यानंतर ठरेल असंही दिसत नाही. तरी 'प्रिय' ठेवलं, कारण खोडलेलं पत्र मला देववत नाही. फोनच करणार होतो. पण तुझा फोन हल्ली कमळाआत्या उचलतात आणि त्यांचा आवाज आला की मी घाबरून 'राँग नंबर' म्हणतो. काल त्याच म्हणाल्या, "प्रितम, रोजच्या रोज राँग नंबर लागत न्हाय बाबा." म्हणून हे पत्र दिपालीच्या हाती देतोय. ती तुझी शेजारीण, आणि आमच्या गोदामात पॅकिंगला असल्यामुळे वस्तू न उघडता पोचवायची तिला सवय आहे.

गाडी अजून गोदामाच्या मागेच उभी आहे. मागच्या काचेच्या जागी मी प्लास्टिक लावलंय, चारही कडा नीट चिकटवून. डिकी मिटत नाही, ती सुतळीने बांधली. धामणकर नाक्यावरून चालत जातो तर रिक्षावाले ओरडतात, "क्या प्रितमभाई, शेर को किधर उतारा?" गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "फुल इन्शुरन्स आहे ना?" मी नाही म्हटल्यावर त्याने चहा मागवला. माझ्यासाठी. तेव्हाच मला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

इन्शुरन्सचं तुला नीट सांगतो, कारण तुझ्या बाबांचा खरा राग त्यावरच आहे. गाडी घेतली तेव्हा नाक्यावरचे एजंट विठूभाऊ म्हणाले होते, फुल घे. मी थर्ड पार्टी घेतला. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरून मिळतं, आपल्या गाडीला काही नाही. कायद्याने तेवढा लागतोच, म्हणून मी तेवढाच घेतला. माझा विचार असा, की मी कुणाला ठोकणार नाही, आणि कुणी मला ठोकलं तर त्याचा इन्शुरन्स आहेच. दहावीपर्यंतच शिकलो असलो तरी या हिशेबात मला कुठे फट दिसेना. विठूभाऊ म्हणाले, "हा कागद पोलिसाला दाखवाया बरा हाय, गाडीला न्हाय." मला वाटलं, धंदा वाढवायला बोलतायत. गोदामात ट्रक लागला की चाकामागे ठोकळा सरकवल्याशिवाय मी माल उतरवू देत नाही. पोरं चिडवतात की प्रितम स्वतःच्या सायकललाही दगड लावतो. अशा माणसाला फुल इन्शुरन्स कशाला?

त्या दिवशी पडघ्याला तुमच्या घरी आलो तेव्हाही सगळं रीतसर केलं होतं. तुमचं अंगण फाटकाकडे उतरतं, म्हणून गाडीचं तोंड घराकडे करून हँडब्रेक ओढला, डिकीतून माझा दगड काढून मागच्या चाकामागे लावला आणि मगच चपला काढल्या. पोहे झाले, आईने तुला स्वयंपाकाचं विचारलं, तू उलट मला विचारलंस की मला काय काय करता येतं, आणि आईला तू तिथेच आवडलीस. सगळं इतकं छान चाललं होतं की मला भीतीच वाटायला लागली होती. तेवढ्यात आत्यांना गाडी दिसली. "पावण्यांची नवी गाडी दारात आन् पूजा न्हाय?" गाडी जुनीच आहे, मी दुसऱ्याकडून घेतलीय, हे सांगेपर्यंत ताट आलं, हार आला, बॉनेटवर निरांजन ठेवलं. अंगणातली फरशी नवी, त्यामुळे आत्या ओरडल्या, "फरशीवं नको, दगड आना!" दगड आला, नारळ फुटला. मग लिंबं. पुढे बायका उभ्या म्हणून ती मागच्या चाकांमागे ठेवली. आत्या म्हणाल्या, "जरा मागं घे, चिरडू दे." मी म्हटलं, इंजिन कशाला, दगड आहेच, गाडी लिंबावर येऊन थांबेल. दारातून वाकलो आणि हँडब्रेक सोडला.

लिंबं चिरडली. पुढचं तू पाहिलंसच. मी दाराला लोंबकळत फाटकापर्यंत गेलो आणि आत्या मागून ओरडत होत्या, "आरं बस झाला, बस झाला!" गाडी फाटकाच्या खांबाला धडकली, खांब हलला, त्याच्यावरचा बाबांचा सिमेंटचा सिंह काच फोडून मागच्या सीटवर पडला. पडला म्हणजे बसलाच, तोंड पुढे करून. तुझे काका म्हणाले, "शेठ बसलंत, गाडी सोडा आता नाशिकला." सगळे हसले. फक्त मी आणि तुझे बाबा हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी विठूभाऊंकडे गेलो. ते म्हणाले, सिंह आणि खांब दुसऱ्याचे, त्यांचं मिळेल. गाडी तुझी, तिचं काही नाही. आणि सिंहाचं मिळायलाही बाबांनी माझ्यावर पोलिसात तक्रार करायची, मग कोर्टात दावा लावायचा. मी ते बाबांना सांगायला गेलो तर ते उसळले. "मुलगी बघाया आलेल्या पोरावर केस करू? गावात तोंड दाखवीन का मी?" म्हणजे मी ज्यांच्यासाठी इन्शुरन्स घेतला ते घेणार नाहीत, आणि ज्या गाडीला हवा तिला तो नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "दगड लावला न्हवता का?" मी म्हटलं, विसरलो.

आईचा यावर अजून विश्वास नाही. "तू आन् दगड विसरलास?" असं ती भाकरी थापता थापता मध्येच विचारते. क्षितिजा, मी विसरलो नव्हतो. गाडी थांबल्यावर मी मागे वळून पाहिलं तर खोबऱ्याच्या तुकड्यांखाली माझाच दगड होता, हळदकुंकू लावलेला. आणि त्याच्या शेजारी तू उभी होतीस, तोंडावर हात ठेवून. आत्यांनी घाई केली, जवळ दिसला तो तू उचललास. पूजेला कुणीही तेच केलं असतं. मी तो गुपचूप डिकीत टाकला, कारण मी विसरलो तर लोक चार दिवस हसतील, पण तू काढलास म्हटलं असतं तर तुझ्या पायगुणावर बोललं गेलं असतं, आणि ते बोलणं मुलीच्या मागे कुठे कुठे जातं हे मी माझ्या ताईच्या वेळी पाहिलंय. फुल इन्शुरन्स असता तर दोषी शोधावाच लागला नसता. दगड कुणी हलवला हे विचारत न बसता कंपनीने गाडी दुरुस्त करून दिली असती. मी दुनियेच्या चुकांपासून सावध राहिलो, पण गाडीचे एवढे लाड होतील हे मनात आलं नव्हतं.

आता पत्र का लिहिलं ते. बाबांचा निरोप आला, "पोरगा गुनी हाय, पन बेफिकीर. जो आपल्या गाडीला राखत न्हाय तो पोरीला काय राखील?" बेफिकीर! मला! मी तेही सोसलं असतं, पण दिपाली सांगते की रविवारी कल्याणचा एक मुलगा तुला बघायला येतोय, आणि मध्यस्थाने मुद्दाम कळवलंय की त्याच्या गाडीला फुल इन्शुरन्स आहे. तो तुला पसंत असेल तर दगडाचं कुणाला सांगू नकोस. मीही कधी सांगणार नाही. पण मी पसंत असेन, तर बाबांना खरं काय ते सांग. दया म्हणून नको. एकटीने तर मुळीच नको, मला फक्त एक मिस्ड कॉल दे. मी येऊन तुझ्याशेजारी उभा राहीन आणि म्हणेन, दगड हिने काढला, मागवला आत्यांनी, हँडब्रेक सोडला मी, आणि अर्धवट इन्शुरन्सही माझाच. मग ते सगळ्यांना मिळून रागावू देत. रविवारच्या आत कधीही बोलव. एसटीने येईन.

तुझाच,
प्रितम