मढच्या खडकावर

बाई,

तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं होतील. तुम्ही होतात तोवर लिहायचा धीर झाला नाही. स्वराज्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, आमचा सातवीचा वर्ग घेऊन तुम्ही अंधेरीहून वेसाव्याला आणि तिथून होडीनं मढला गेलात. आम्हा कारकून-मास्तरांच्या मुलींना समुद्र म्हणजे जुहूची वाळू; कोळीवाडा कुणी आतून पाहिलाच नव्हता. गाव दाखवायला तुम्ही तिथल्याच एका कोळीणबाईंना सोबत घेतलं होतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून आम्ही नाकाला रुमाल लावून चाललो, तशी तुम्ही दटावलंत, "हात खाली करा. हे त्यांचं घर आहे."

किनाऱ्याशी कोळीणबाईंनी लांबचा एक काळा खडक दाखवला. नवऱ्याची होडी परतली नाही म्हणून एक नवरी तिथं बसून राहिली, आणि भरती लागली की अजून तिच्या बांगड्या वाजतात, म्हणाल्या. मुली हसल्या. मला मात्र त्या बांगड्या ऐकायच्याच होत्या. सगळ्या डबे उघडून बसल्या आणि मी ओहोटीनं उघड्या पडलेल्या दगडांवरून तिकडे निघाले.

बांगड्या काही वाजल्या नाहीत. मागे वळून पाहते तर आले ती वाटच नाही. मधल्या खोलगट जागेत पाणी शिरतंय, आवाज न करता, आणि किनाऱ्यावरच्या मुली बोटाएवढ्या दिसतायत. पाणी गुडघ्याला लागतं, पायाखालचं शेवाळ सरकतं. मग तुम्ही दिसता. पातळ कमरेला खोचून छातीइतक्या पाण्यातून येताय, चेहरा पांढराफटक. तुम्हाला पोहता येत नाही हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं, आणि खरी भीती मला तेव्हा वाटली. तुम्ही माझं मनगट धरलंत तेवढ्यात तुमचा पाय निसटला. दोघी पाण्याखाली गेलो. कोळीणबाईंनी आम्हाला दंडांना धरून ओढत वाळूवर आणलं. "दर्याशी खेल करतंस, पोरी?" त्या माझ्यावर ओरडत होत्या. तुम्ही माझ्या केसांतलं पाणी पिळत होतात.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. माझे वडील शेजारी उभे होते; घरी ते कमरेचा पट्टा काढत.

"तिकडे गेलीस कशी?"

"बाईंनीच सांगितलं, जा, बघून ये म्हणून."

तुम्ही टेबलापलीकडे होतात. आधी माझ्याकडे पाहिलंत, मग वडिलांकडे, आणि म्हणालात, "हो. चूक माझी झाली." मे महिन्याची सुट्टी संपली तेव्हा तुम्ही शाळेत नव्हतात.

पुढे माझं लग्न झालं. एकदा सांताक्रूझच्या बाजारात तुम्ही समोरून आलात. मी गल्लीत वळणार तोच ओळखलंत. आता खोटं का बोललीस ते विचारतील, असं वाटलं. तुम्ही विचारलंत, "पोहायला शिकलीस का गं?" मी म्हणाले, "हो बाई." तुम्हाला केवढा आनंद झाला! पाठीवर हात ठेवलात नि भाजी घ्यायला गेलात.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. पण बाई, मला पोहता येत नाही. मी कधी शिकायला गेलेच नाही.